ही जागा कोणाची? : एका आसनकोड्याचे परीक्षण

आपल्या मंडळाच्या या निबंधपत्रात परीक्षण म्हटले की ते एखाद्या कादंबरीचे, कवितासंग्रहाचे, फार तर नाटकाचे असावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती योग्यच आहे. आम्ही मात्र या खेपेस भ्रमणध्वनीवर खेळल्या जाणाऱ्या एका खेळाचे परीक्षण सादर करीत आहोत. संपादकांनी ते स्वीकारले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. खेळाला कर्ता असतो, पात्रे असतात, त्या पात्रांचे परस्परांशी काही नाते असते आणि या साऱ्यातून जगाविषयी काही एक समजूत व्यक्त होत असते. एवढे असल्यावर त्याला समीक्षेचे निकष लावून पाहण्यास हरकत नसावी.

दिवाळीच्या सुटीत आमची नात हैदराबादहून आदिलाबादला आली होती. तिने आमच्या फोनमध्ये हा खेळ घालून दिला. त्याचे मूळ नाव 'इज धिस सीट टेकन?' बार्सिलोना येथील पोटी पोटी स्टुडिओ या छोट्या संस्थेने तो तयार केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नावाचे शब्दशः भाषांतर करण्याची गरज नाही, आपल्याकडे गाडीच्या डब्यात शिरलेला माणूस बाकाकडे बोट दाखवून जे विचारतो, "इथं कुणी आहे का हो?", तेच ते. ज्यांनी एस.टी.च्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरली आहे आणि मग त्या रुमालावरून झालेली भांडणे ऐकली आहेत, त्यांना या खेळाचा विषय परका वाटणार नाही.

खेळाची रचना साधी आहे. बस, चित्रपटगृह, उपाहारगृह अशी ठिकाणे समोर येतात. तेथे ठरावीक जागा असतात आणि बसावयास आलेली पात्रेही ठरावीक. ही पात्रे म्हणजे हातपाय फुटलेल्या भूमितीच्या आकृती : कोणी वर्तुळ, कोणी त्रिकोण, कोणी चौकोन. प्रत्येकाची काही आवडनिवड असते. एकाला खिडकी हवी, दुसऱ्याला मित्राशेजारी बसायचे, तिसऱ्याला झोप काढायची म्हणून गोंगाट नको, चौथ्याला कोणाचा वास सहन होत नाही. खेळणाऱ्याने एकेकाला उचलून अशा जागी ठेवायचे की कोणाचीही तक्रार राहू नये. घड्याळाचा धाक नाही. सारे संतुष्ट झाले की फेरी संपते. या सगळ्याला नॅट नावाच्या एका समभुज चौकोनाच्या कथेचे सूत्र आहे. त्याला नट व्हायचे आहे, आणि मराठी कानांना त्याच्या नावातच ती आकांक्षा ऐकू येते. हा योगायोग त्या स्पॅनिश कर्त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

प्रकार म्हणून पाहता हे कोडे नवे नाही. वस्तू किंवा माणसे किती तऱ्हांनी मांडता येतील, हा प्रश्न आपल्या परंपरेत फार पूर्वीच विचारला गेला आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथातील 'लीलावती'च्या अखेरीस अंकपाश नावाचे प्रकरण आहे. त्यात विचारले आहे की, शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधे एकमेकांच्या जागी बदलली तर मूर्तीचे किती भेद होतील, आणि विष्णूच्या चार हातांतील चार आयुधे बदलली तर किती? उत्तरे अनुक्रमे ३६,२८,८०० आणि २४. खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे ज्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, त्या आचार्यांनी हा हिशेब साडेआठशे वर्षांपूर्वी मांडून ठेवला. आज बँकांच्या आणि लोकसेवा आयोगांच्या परीक्षांना बसणारी आपली मुले 'आसनव्यवस्थे'चे जे प्रश्न घोकतात, ते याच कुळातले.

परंतु किती मांडण्या होतात हे मोजणे वेगळे आणि त्यांतली योग्य मांडणी शोधणे वेगळे. हा शोध कसा चालतो ते नुसते सांगून कळणार नाही, म्हणून आम्ही या खेळाच्या धर्तीवर आपल्या भागाचे एक कोडे रचले. वाचकांनी ते सोडवून पाहावे.

आदिलाबादहून किनवटमार्गे नांदेडला जाणारी गाडी आहे. डब्यात समोरासमोर दोन बाके, प्रत्येकावर तीन जागा : खिडकीची, मधली आणि वाटेकडची. (तिघांच्या बाकावर पाच जण बसतात, हे वास्तव तूर्त बाजूला ठेवू.) प्रवासी सहा : आजोबा, आजी, सूनबाई, लहान नातू, कापसाचा अडत्या आणि परीक्षेला निघालेला विद्यार्थी. अटी अशा. नातवाला खिडकी हवी. अडत्या पान खातो, म्हणून त्यालाही खिडकी हवी. आजीला नातवाच्या शेजारी बसायचे आहे, आणि गाडीच्या उलट तोंड करून बसले की त्यांना गरगरते. आजोबांना आजीच्या अगदी समोर बसायचे आहे. सूनबाई सासऱ्यांच्या शेजारी बसणार नाहीत. विद्यार्थ्याला अडत्याच्या शेजारची जागा नको, कारण त्याला वाचायचे आहे.

सहा माणसे सहा जागी बसण्याच्या तऱ्हा ७२०. एकेक तऱ्हा तपासू लागलो तर नांदेड येईल, उत्तर येणार नाही. अनुभवी माणूस प्रथम टंचाई कशाची आहे ते पाहतो. येथे खिडक्या दोन आणि दावेदारही दोनच. म्हणजे नातू एका बाकाच्या खिडकीला, अडत्या समोरच्या. आजी नातवाच्या शेजारी, म्हणजे मधल्या जागी. आणि त्यांचा बाक गाडीच्या दिशेला तोंड असलेलाच हवा. आजोबा त्यांच्या समोर, म्हणजे अडत्याच्या बाकावर मधोमध. चार माणसे ठरली. उरल्या वाटेकडच्या दोन जागा. एक आजीशेजारची, एक आजोबांशेजारची. सूनबाई सासऱ्यांशेजारी बसणार नाहीत, म्हणून त्या आजीजवळ आणि विद्यार्थी आजोबांजवळ. उत्तर एकच, आणि ते अटळ. विद्यार्थ्याची अट वापरावीच लागली नाही. अडत्या आणि तो यांच्यामध्ये आजोबा आपोआप आलेच होते. कोडी रचणारे अशी एखादी फुकटची अट मुद्दाम घालतात, म्हणजे सोडवणारा चकतो.

या सोडवणुकीत जो आनंद आहे तो खरा आहे आणि तो मूळ खेळातही भरपूर आहे. प्रारंभी सगळा गोंधळ दिसतो. मग जो सर्वांत हट्टी आणि ज्याला जागा सर्वांत थोड्या, त्याला आधी बसवले की पुढची माणसे एकामागून एक ठिकाणावर पडतात. आम्ही महसूल खात्यात हयात घालवली. जमिनीच्या वादात सर्वांत अडलेल्या मुद्द्यापासून सुरुवात करावी, हे आमच्या पहिल्या वरिष्ठांनी शिकविले होते. त्याची आठवण झाली.

एवढ्यावर परीक्षण संपवून खेळाची शिफारस करता आली असती. पण आम्ही मोठ्या अभिमानाने हे कोडे नातीला घातले तेव्हा तिने ते सोडवले आणि कागद परत देताना विचारले, "आबा, सासऱ्यांशेजारी बसायचं नाही, असं सूनबाईंनी स्वतः सांगितलं होतं का?"

प्रश्न साधा होता. आम्हाला मात्र उत्तर देता आले नाही. आजीला गरगरते ही आजींच्या प्रकृतीची गोष्ट. खिडकी हवी ही नातवाची हौस. सूनबाईंची म्हणून जी अट आम्ही लिहिली, ती त्यांची नव्हतीच. ती घराच्या रीतीची होती आणि आम्ही ती त्यांच्या तोंडी घातली होती. लिहिताना आम्हाला तसे जाणवलेही नाही. आमच्या मातोश्री अशाच बसत, आमच्या सौभाग्यवतीही काही वर्षे अशाच बसल्या. ती आवड आहे की आज्ञा, हे विचारण्याचे कारण कधी पडले नव्हते.

मग आम्ही ती अट खोडून कोडे पुन्हा तपासले. चार माणसे पूर्वीप्रमाणेच ठरतात. वाटेकडच्या दोन्ही जागा मात्र आता सूनबाईंना मोकळ्या आहेत. विद्यार्थी उरलेल्या जागी बसला तरी कोणाची तक्रार नाही. म्हणजे उत्तरे दोन होतात. कोडे म्हणून ते सदोष ठरते, कारण कोड्याला उत्तर एकच असावे असा संकेत आहे. पण सूनबाईंना निवड मिळते. आमच्या कोड्याचा रेखीवपणा त्यांच्या निवडीच्या मोबदल्यात आलेला होता, ही गोष्ट नातीने एका वाक्यात दाखवून दिली. त्या क्षणापासून आम्ही मूळ खेळही निराळ्या नजरेने खेळू लागलो.

खेळाच्या बाजूने जे म्हणावयाचे ते आधी म्हणू. यात कोणाची जागा त्याच्या जन्मावरून ठरत नाही. वर्तुळाने पुढे आणि त्रिकोणाने मागे बसावे, असा नेम नाही. पहिली पंगत आणि दुसरी पंगत असा भेद नाही. आपल्या समाजात शेजारी कोण बसतो, या प्रश्नाने केवढे रामायण घडविले आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहापान झाले. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. त्यावरून जे ग्रामण्य माजले ते प्रायश्चित्तापर्यंत गेले. समतानंद अनंत हरी गद्रे यांना झुणका-भाकर सत्यनारायणाच्या निमित्ताने सर्व जातींच्या लोकांना एकत्र बसवावे लागले, कारण एरव्ही ते बसत नव्हते. आमच्या लहानपणी पैनगंगेच्या काठच्या आमच्या गावी लग्नाच्या जेवणावळीत ओसरीवर कोण, अंगणात कोण आणि कुडाच्या पलीकडे कोण, हे कोणी सांगावे लागत नसे. ज्याला त्याला आपली जागा ठाऊक होती, हेच त्या व्यवस्थेचे भयंकरपण. तिच्या तुलनेत जेथे प्रत्येकाला 'तुला काय हवे?' असे विचारले जाते, ते या खेळातले जग निःसंशय अधिक सभ्य आहे.

तथापि या सभ्यतेत एक उणीव आहे. खेळात काही पात्रांना वास येतो, काही मोठ्याने गाणी ऐकतात, आणि इतरांना त्यांचा शेजार नको असतो. खेळणाऱ्याचे काम एवढेच की अशा पात्रासाठी जेथे कोणाला उपद्रव नाही असा कोपरा शोधावा. गाण्याचा आवाज ही कृती आहे. ती थांबवता येते. वास मात्र त्या पात्राला विशेषणासारखा चिकटविलेला आहे. 'अमक्याशेजारी नको' ही अट योग्य की अयोग्य, हे विचारण्याची सोय खेळात नाही. सर्व अटी सारख्याच पवित्र. आपल्या इतिहासात तर ज्यांना दूर बसविले गेले, त्यांच्याविषयी नेमकी हीच कारणे सांगितली जात : अस्वच्छता, वास, गोंगाट. आकृतींच्या निरागस जगात हे सारे हसण्यावारी जाते, हे मान्य; तरी प्रौढ वाचकाला तेथे किंचित थबकावे लागते.

याहून मोठी गोष्ट म्हणजे खेळणाऱ्याची भूमिका. आपण या खेळात प्रवासी नसतो. बसवणारे अधिकारी असतो. आम्हाला ही भूमिका परिचयाची आहे. राष्ट्रपतींच्या सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी प्रसृत केलेला अग्रताक्रम आम्ही अनेकदा चाळला आहे. निवडणुकीत मतदान प्रतिनिधींना बसविताना आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय पक्ष, मग राज्य पक्ष, पुढे इतर नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष, हा क्रमही पाळला आहे. जागेचा प्रश्न क्षुल्लक नसतो, हे कोणत्याही शासकीय सेवकाला सांगावे लागत नाही. व्हिएतनाम युद्ध थांबविण्यासाठी पॅरिसमध्ये जमलेल्या शिष्टमंडळांचा बराच काळ टेबलाचा आकार कसा असावा यावरच खर्ची पडला होता आणि तो वाद जानेवारी १९६९ मध्ये मिटला.

अशा एका आसनव्यवस्थेचा प्रसंग येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर स्त्रियांसाठी राखीव जागांवर सरपंच निवडून येऊ लागल्या, त्या काळातील गोष्ट. डोंगरातल्या एका गावी कार्यक्रम होता. सरपंच एक गोंड स्त्री होत्या. खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या आम्ही स्वतः चिकटविल्या होत्या आणि त्यांची खुर्ची नियमाप्रमाणे पहिल्या रांगेत होती. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसले होते आणि सरपंचबाई सतरंजीवर इतर बायकांत बसल्या होत्या. आम्ही पाहिले. हातातल्या यादीत त्यांच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या कामाला लागलो. त्यांना तेथेच बसायला आवडते, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. पंचवीस वर्षे ती समजूत टिकली. नातीच्या प्रश्नाने ती मोडली. सूनबाईंची अट आम्ही जशी लिहिली, तशीच सरपंचबाईंची आवडही आम्हीच लिहिली होती. त्यांना विचारावयास फार तर एक मिनिट लागले असते.

१ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीने बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडावयास नकार दिला. त्या बसमध्येही एक आसनव्यवस्था होती, तिचेही नियम होते आणि नियमाप्रमाणे उत्तर बरोबरच होते. बाईंनी कोडेच नाकारले. प्रस्तुत खेळातली आकृती कधी असे करीत नाही. ती नाराजी दाखविते. पण उचलली की उचलली जाते, ठेवली की ठेवली जाते. कलाकृती म्हणून या खेळाची मर्यादा आम्हाला येथे दिसते.

हे आपल्या भागातल्या वाचकांना अधिक नेमके कळेल, असे आम्हाला वाटते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे तिकडून सुटून आंध्र प्रदेशात आली. भाषा, दळणवळण, शेजार अशा अटी मांडून कोणी तरी हे कोडे सोडविले होते आणि नकाशावर उत्तर नीटनेटके दिसत होते. त्यात एका घरच्या बहिणी दोन राज्यांत गेल्या. २०१४ मध्ये तेलंगणा झाले, २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेले. या सर्व काळात आपली जुनी घरे होती तेथेच आहेत. त्यांचा पत्ता मात्र पुन्हा पुन्हा बदलला. हे चुकीचे झाले, असा आमचा दावा नाही. वाटणी कोणाला तरी करावीच लागते आणि ती करणाऱ्यांच्या अडचणी आम्ही आतून पाहिल्या आहेत. परंतु उतारूंना कितपत विचारले होते, हा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. तेलुगू शेजाऱ्यांच्या सहवासात आपण सुखाने नांदलो, हे आपल्या आणि त्यांच्या समंजसपणाचे श्रेय. ते नकाशाला देता येणार नाही.

आता निवाडा. खेळ उत्तम आहे. त्यात हिंसा नाही, पैजा नाहीत, घाई नाही. बुद्धीला व्यायाम आहे आणि इतरांच्या गरजांकडे लक्ष देण्याचे शिक्षण आहे. आमच्या वयाच्या वाचकांनी तो नातवंडांबरोबर बसून अवश्य खेळावा. आमची सूचना एवढीच की प्रत्येक अट वाचताना ती खरोखर त्या पात्राची आहे की इतर कोणी त्याच्या नावावर घातली आहे, हे एकमेकांना विचारावे. फेरी त्याने लवकर सुटणार नाही. गप्पा मात्र होतील, आणि त्या गप्पांत घरातल्या काही जुन्या जागांचा विषय निघाला तर तो टाळू नये.

नात परत जाताना आम्ही सारे तिला सोडावयास स्थानकावर गेलो. तेथल्या बाकावर आम्ही नेहमीप्रमाणे कडेला बसलो आणि आमच्या सूनबाई उभ्याच राहिल्या. त्यांना आम्ही विचारले, "कुठे बसायला आवडेल?" त्या जरा गोंधळल्या, मग हसून म्हणाल्या, "बाबा, दिवसभर बसूनच होते. मला उभंच राहू द्या." हे उत्तर आमच्या कोणत्याही मांडणीत नव्हते.